निवाऱ्यापासून घरापर्यंत : सातारा-सांगली परिसरातील घराची मांडणी, घरगुती वस्तू आणि कुंडीतील झाडे

प्रस्तावना

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या तीन मूलभूत गरजा मानल्या जातात. त्यांपैकी तिसऱ्या गरजेविषयी बोलताना मराठी माणूस 'निवारा' आणि 'घर' हे दोन शब्द वेगवेगळ्या अर्थाने वापरतो व त्यांत सहसा गल्लत करीत नाही. निवारा ऊन, वारा व पाऊस यांपासून संरक्षण देतो. घराकडून मात्र त्याहून अधिक अपेक्षा असते. 'या घराला घरपण नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा भिंती किंवा छप्पर यांविषयी आपली तक्रार नसते. घर 'बांधले' जाते, संसार मात्र 'मांडला' जातो. बांधण्याचे काम गवंडी, सुतार आणि आजच्या काळात कंत्राटदार करतो. मांडण्याचे काम त्या घरात राहणाऱ्यांनाच करावे लागते. बांधणे एका तारखेला संपते. मांडणे माणूस त्या घरात राहतो तोवर चालू असते.

गेल्या काही दशकांत गृहसजावट ही एक मोठी बाजारपेठ झाली आहे. सातारा, कराड, सांगली, मिरज यांसारख्या शहरांत सदनिकांची संकुले उभी राहिली आहेत. तयार फर्निचर, तयार पडदे आणि तयार कुंड्याही दारात येऊन पोहोचतात. त्यामुळे पैसे मोजले की घर आपले होते, असा एक समज रूढ होऊ लागला आहे. दुसरीकडे याच दोन जिल्ह्यांत धरण, भूकंप, दरडी व महापूर यांमुळे असंख्य कुटुंबांना बांधलेले घर गमवावे लागले आणि नव्या जागी पुन्हा शून्यातून संसार मांडावा लागला. घर आपले कशामुळे होते, हा प्रश्न या कुटुंबांच्या बाबतीत केवळ अभिरुचीचा राहत नाही. पुनर्वसनाचे यश वा अपयश त्याच्याशी जोडलेले असते.

लेखाची उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : १) सातारा व सांगली परिसरातील घराच्या रचनेचा आणि आपलेपणाचा संबंध स्पष्ट करणे. २) घरातील वस्तू व झाडे यांचे या संदर्भातील स्थान पाहणे. ३) विस्थापन व पूर यांच्या पार्श्वभूमीवर गृहनियोजनासाठी काही निष्कर्ष मांडणे. त्यासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

या दोन जिल्ह्यांचा एकत्रित विचार करण्यास ऐतिहासिक कारण आहे. १९४९ साली संस्थानांच्या विलीनीकरणानंतर 'दक्षिण सातारा' हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला आणि १९६० साली त्याचे 'सांगली' असे नामांतर झाले. कृष्णा, कोयना व वारणा या नद्यांनी हा प्रदेश एकमेकांशी बांधलेला आहे. पेशवाईतील सरदारांची वतने, औंध व सांगली ही संस्थाने आणि विसाव्या शतकातील सहकारी चळवळ यांचा वारसाही बऱ्याच अंशी सामायिक आहे.

भूप्रदेश आणि घराची जडणघडण

मानववंशशास्त्रीय अंगाने वास्तुरचनेचा अभ्यास करणारे एमॉस रापोपोर्ट यांनी १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की घराचा आकार केवळ हवामान किंवा साहित्य यांवरून ठरत नाही. समाजाची जीवनदृष्टी त्यात निर्णायक असते आणि हवामान व साहित्य तिला मर्यादा घालून देतात. या विधानाची प्रचीती घेण्यासाठी सातारा-सांगलीइतका सोयीचा प्रदेश क्वचितच आढळेल. महाबळेश्वरात वर्षाला सरासरी सुमारे साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे माण, आटपाडी, जत या भागांकडे जावे, तर हेच प्रमाण पाचशे मिलिमीटरच्या आसपास येते.

साहजिकच पश्चिमेकडील घर उतरत्या छपराचे, पुढे पडवी काढलेले आणि पावसाळ्यापूर्वी शाकारावे लागणारे असे होते. जांभा दगड व पुढे मंगलोरी कौले ही तेथील ओळख बनली. पूर्वेकडील घर माळवदाचे. लाकडी तुळयांवर काटक्यांचा थर आणि त्यावर मातीचे जाड आवरण अशी त्याची घडण असते. भिंती रुंद आणि खिडक्या मोजक्या. बाहेर ऊन रणरणत असताना आत गारवा राहावा, ही त्यामागील योजना. उन्हाळ्याच्या रात्री याच माळवदावर अंथरुणे पडत व धान्य, मिरच्या, सांडगे वाळत. म्हणजे छप्पर हीसुद्धा घरातील एक खोलीच होती.

ही भिन्नता असली तरी एक गोष्ट दोन्हीकडे समान होती. घर बांधून झाल्यावर ते कधीही 'पूर्ण' होत नसे. सारवण दर काही दिवसांनी करावे लागे, भिंतीला पोतेरे फिरवावे लागे, दिवाळीपूर्वी पांढरी माती किंवा चुना लावावा लागे, माळवदावरची माती पावसापूर्वी चोपावी लागे. जाड भिंतीत दिवळ्या व कोनाडे ठेवलेले असत. खुंटी कोठे ठोकायची, दिवळीत दिवा ठेवायचा की औषधाची बाटली, हे घरातील माणसे ठरवीत. या कामांचा भार प्रामुख्याने स्त्रियांवर पडे आणि तो हलका नव्हता. त्याचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. मात्र या सततच्या हातस्पर्शामुळेच घर आणि माणूस यांचे नाते घट्ट होत असे, हेही नाकारता येत नाही.

वाडा : मालकी आणि आपलेपण

या परिसरातील घरांची चर्चा वाड्यांशिवाय पूर्ण होत नाही. वाईजवळ मेणवली येथे कृष्णाकाठी नाना फडणवीस यांचा वाडा आहे. एकामागून एक येणारे चौक, भोवतीचे सोपे, चित्रांनी सजलेल्या भिंती आणि मागील बाजूस नदीवर उतरणारा घाट अशी त्याची रचना आहे. २००४ साली प्रदर्शित झालेल्या 'स्वदेस' या चित्रपटामुळे हे गाव देशभर पोहोचले. साताऱ्यातील राजवाडे, वाईतील पेठांमधील वाडे, तसेच १८०१ साली चिंतामणराव पटवर्धन यांनी राजधानी केल्यानंतर सांगलीत विस्तारत गेलेली वस्ती या सर्वांत चौक, सोपा, माजघर, देवघर व परसदार ही क्रमवारी थोड्याफार फरकाने आढळते.

या क्रमवारीला एक तर्क आहे. रस्त्यावरचा माणूस ओट्यावर येतो, ओळखीचा सोप्यात बसतो, आप्त माजघरापर्यंत जातो आणि परसदार घरच्यांचे असते. परके आणि आपले यांच्यामध्ये अशा पायऱ्या असल्यामुळे घराला एकाच वेळी मोकळेपणा व खाजगीपणा लाभतो. चौकातील तुळशीवृंदावन हे या व्यवस्थेचे केंद्र होय.

तथापि वाड्यातील आपलेपण सर्वांच्या वाट्याला सारखे येत नव्हते. स्त्रियांचा वावर माजघर, स्वयंपाकघर व परसदार यांपुरता मर्यादित होता. विधवेला बहुधा अंधारी खोलीच मिळे. ज्यांच्या श्रमावर वाडा उभा होता, त्यांपैकी अनेकांना जातीमुळे ओट्याची पायरीही चढता येत नव्हती. राबणारे हात एकाचे व मालकी दुसऱ्याची, ही विसंगती कागदोपत्रीही होती. या दृष्टीने ग्रामपंचायतीच्या दप्तरी घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे व्हावी यासाठी महाराष्ट्र शासनाने २००३ साली हाती घेतलेला 'घर दोघांचे' हा उपक्रम महत्त्वाचा ठरतो. घर आपले मानणे आणि ते कायद्याने आपले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीच्या जोरावर दुसरी नाकारली जाऊ नये, याचे भान गृहसजावटीच्या चर्चेतही ठेवणे आवश्यक आहे.

दोन नव्या वसाहती : किर्लोस्करवाडी व स्वतंत्रपूर

परंपरेने आलेले घर आपलेसे वाटणे स्वाभाविक आहे. नव्याने वसवलेल्या जागेचे काय, या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आजच्या सांगली जिल्ह्यातील दोन उदाहरणे उपयुक्त ठरतात. दोन्ही उदाहरणे औंध संस्थानाच्या काळातील आहेत आणि दोहोंमागे भवानराव पंतप्रतिनिधी यांची दृष्टी होती.

पहिले उदाहरण किर्लोस्करवाडीचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना भवानरावांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकानजीक माळरानाची जमीन दिली आणि १९१० साली तेथे कारखाना व कामगारांची वसाहत सुरू झाली. जागा निवडुंगाने भरलेली होती. निवडुंग तोडणे, पाणी आणणे, झाडे लावणे हे काम यंत्रे उभी करण्याइतकेच महत्त्वाचे मानले गेले. पुढे लोखंडी नांगरांबरोबर या कारखान्यात लोखंडी फर्निचरही तयार झाले, आणि मध्यमवर्गीय घरातील बैठकीचे स्वरूप बदलण्यास या परिसरातूनही हातभार लागला. १९२० साली 'किर्लोस्कर', १९३० साली 'स्त्री' व १९३४ साली 'मनोहर' ही मासिके याच माळावरून निघू लागली. घर कसे असावे आणि त्यात स्त्रीचे स्थान कोणते, याची चर्चा महाराष्ट्रभर नेणाऱ्या मासिकांचा पत्ता एका कामगार वसाहतीचा असावा, ही गोष्ट लक्षणीय आहे.

दुसरे उदाहरण आटपाडीजवळील स्वतंत्रपूरचे. १९३९ साली औंध संस्थानात मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या सहभागाने ही कैद्यांची खुली वसाहत स्थापन झाली. येथे कैदी आपल्या कुटुंबासह राहतात व शेती करतात. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाची प्रेरणा या प्रयोगात आहे. उंच भिंतींनी माणूस कोंडून ठेवण्याऐवजी घर, कुटुंब आणि हाताखालची जमीन यांनी त्याला थांबवून ठेवता येईल, हा त्यामागील विचार. गृहशास्त्राच्या दृष्टीने पाहता ही वसाहत एक मूलभूत तत्त्व सिद्ध करते : जेथे माणूस काही पेरतो, राखतो आणि आपल्या माणसांसाठी मांडतो, तेथे तो बांधला जातो, मग ती जागा त्याच्या मालकीची नसली तरी चालते.

घरातील वस्तू : किंमत आणि मोल

माणसाला घरातील कोणत्या वस्तू प्रिय असतात, याचा एक गाजलेला अभ्यास मिहाय चिक्सेंटमिहाय व यूजीन रॉचबर्ग-हाल्टन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केला. शिकागो परिसरातील ८२ कुटुंबांतील ३१५ व्यक्तींना त्यांनी हा प्रश्न विचारला होता. वस्तूचे महत्त्व सांगताना लोकांनी किंमत किंवा सौंदर्य यांपेक्षा त्या वस्तूशी जोडलेली माणसे व आठवणी यांचाच अधिक उल्लेख केला. पुढे २०१२ साली मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचॉन व डॅन एरियली यांनी केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले, की स्वतः जोडलेल्या साध्या वस्तूचे मोल माणसाला अधिक वाटते. अट एवढीच, की काम पूर्णत्वास गेलेले असावे. आठवण आणि श्रम ही मोलाची दोन उगमस्थाने या अभ्यासांतून पुढे येतात.

आपल्या परिसरातील वाकळ हे या दोहोंचे चपखल उदाहरण होय. अन्यत्र जिला गोधडी म्हणतात, तिला येथे वाकळ हा शब्द रूढ आहे. जुनी लुगडी, धोतरे, परकर यांचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने ती शिवली जाते. आजीचे लुगडे, आईची साडी आणि नातवाचे अंगडे एकाच वाकळेत येतात, आणि अंगावर पांघरताना कोणता तुकडा कोणाचा हे घरातील मुलाला ठाऊक असते. घोंगडीची गोष्टही अशीच आहे. माण, खटाव, आटपाडी, जत या मेंढपाळीच्या पट्ट्यात धनगरांच्या मेंढ्यांची लोकर कातली जाते, सणगर खड्ड्याच्या मागावर ती विणतात आणि चिंचोक्याची खळ देऊन तिला ताठपणा आणतात. घोंगडी अंथरुण, पांघरुण, पावसातील खोळ आणि देवकार्यातील आसन अशा अनेक रूपांनी वापरली जाते. आज ती सदनिकेच्या बैठकीत भिंतीवर किंवा दिवाणावर दिसू लागली आहे. वापर बदलला तरी वस्तू घरात टिकली, याचे स्वागतच करावयास हवे.

याउलट, बैठकीतील काचेच्या शोकेसमध्ये मांडलेल्या वस्तू पाहुण्यांसाठी असतात. त्यातील चषक व भेटवस्तू यांना आठवण असते. पण केवळ जागा भरण्यासाठी आणलेल्या वस्तूंची धूळ पुसण्यापलीकडे कोणी दखल घेत नाही. घर सजवताना प्रत्येक वस्तूबाबत 'ही कोणाची, कोठून आली, कोणी केली?' असा प्रश्न विचारावा. उत्तर देता येते ती वस्तू घराची. उत्तर नसलेली वस्तू दुकानाचीच राहते, केवळ तिची जागा बदललेली असते.

कुंडीतील झाडे : जोपासनेतून येणारे आपलेपण

वाड्यातील चौक व परसदार नाहीसे झाले, तरी झाडाची ओढ नाहीशी झाली नाही. डालड्याचा डबा, फुटकी बादली, रंगाचा रिकामा डबा यांत तुळस, कोरफड, ओवा, गवती चहा लावलेला चाळीत व खोलीतही दिसत असे. आज सदनिकेच्या सज्जात हेच झाड सिरॅमिकच्या कुंडीत आले आहे.

येथे एका लोकप्रिय समजाची तपासणी करणे उचित होईल. घरातील झाडे हवा शुद्ध करतात, असे जाहिरातींतून ठासून सांगितले जाते. याचा आधार म्हणून १९८९ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेने केलेल्या अभ्यासाचा दाखला दिला जातो. परंतु ते प्रयोग लहान, बंद पेटीत केलेले होते. अशा अनेक प्रयोगांची फेरतपासणी करणाऱ्या २०१९ च्या एका शोधनिबंधात असे दाखवण्यात आले, की साध्या वायुवीजनाने घरातील दूषित वायू जेवढे बाहेर जातात, तेवढा परिणाम झाडांकडून मिळवण्यासाठी दर चौरस मीटरला १० पासून १००० पर्यंत झाडे ठेवावी लागतील. तात्पर्य, हवा शुद्ध हवी असेल तर खिडकी उघडावी. झाड लावण्याचे कारण वेगळे आहे.

ते कारण झाडांच्या प्रवासातून समजते. तुळस भारतीय आहे, यात शंका नाही. परंतु अंगणातील सदाफुली मूळची मादागास्करची, गुलबक्षी अमेरिका खंडातील, आणि मनी प्लांट पॅसिफिक महासागरातील मूरिया बेटावरचा. सर्वांत बोलके उदाहरण ब्रह्मकमळाचे आहे. पावसाळ्यातील एखाद्या रात्री ते उमलते, शेजारीपाजारी पाहावयास येतात, काही घरी त्याची पूजाही होते. वस्तुतः खरे ब्रह्मकमळ हिमालयात अतिउंचावर उगवते. आपल्याकडे त्या नावाने ओळखले जाणारे झाड मध्य अमेरिकेकडील निवडुंगाच्या कुळातील आहे. ते आपल्याकडे सहसा विकत आणले जात नाही. कोणाकडून तरी पान मागून आणतात, ते मातीत खोचतात आणि काही वर्षे वाट पाहतात. मनी प्लांट तर चोरूनच लावावा, अशी समजूत आहे. म्हणजे झाडाबरोबर एक शेजार, एक नाते घरात येते. परकी झाडे अशा देवघेवीतून व जोपासनेतून आपली झाली. झाड माणसाला रोज थोडे काम देते, आणि ज्याला आपली गरज आहे त्याच्याकडे आपण परत येतो. घर आपले होण्याची प्रक्रियाही याहून वेगळी नाही.

व्यवहाराच्या दृष्टीने काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. साताऱ्याच्या पश्चिम भागात पावसाळ्यात कुंडीत पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून तळाला छिद्र व खापऱ्यांचा थर आवश्यक असतो. पूर्वेकडील कोरड्या भागात उन्हाळ्यात मातीच्या कुंड्या लवकर सुकतात. पाणी सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर घालावे आणि मातीवर पालापाचोळा पसरावा. तुळशीला काही तास थेट ऊन लागते, ती दिवाणखान्याच्या कोपऱ्यात जगत नाही. मनी प्लांट व डिफेनबाकिया यांची पाने चघळल्यास तोंडाची व घशाची आग होते, त्यामुळे लहान मुले असलेल्या घरात ती उंचावर ठेवावीत.

विस्थापन आणि महापूर : पुन्हा मांडलेले संसार

कोयना धरणामुळे १९६० च्या दशकात शिवसागर जलाशय भरू लागला आणि खोऱ्यातील अनेक गावे उठली. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयना परिसरातील दगड-मातीची घरे कोसळली. पुढे धोम, कण्हेर, वारणा आदी प्रकल्पांनी आणि चांदोली अभयारण्याने आणखी गावे हलवली. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला आणि या बाबतीत देशात पुढाकार घेतला. रस्ता, शाळा, विहीर, स्मशानभूमी आदी नागरी सुविधा वसाहतीत असाव्यात, हेही ठरले. तरीही वसाहतीचा आराखडा पाहिला, तर सरळ रेषेतील सारखे भूखंड आणि सारखी घरे असेच चित्र बहुधा दिसते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात जी ५२ गावे पूर्णतः नव्या जागी वसवण्यात आली, त्यांच्याबाबतही हाच आक्षेप घेतला गेला : रस्ते रुंद झाले, घरे मजबूत झाली, मात्र ओटा, गल्ली आणि भावकीचा शेजार हरवला.

अशा वसाहतीतील माणसे काय करतात, हे पाहण्यासारखे असते. प्रथम ग्रामदैवत आणून बसवले जाते. वसाहतीला पुष्कळदा जुन्या गावाचेच नाव राहते. मग दारापुढे ओटा घातला जातो, पत्र्याची पडवी काढली जाते, मागे गोठा उभा राहतो, कडेने शेवगा व पपई लागते. नियोजकाच्या नकाशात यांपैकी पुष्कळसे अतिक्रमण ठरते. प्रत्यक्षात तो निवाऱ्याचे घर करण्याचा प्रयत्न असतो.

सांगलीचा अनुभव निराळा आहे. येथे गाव हलत नाही. नदीच घरात येते. कृष्णेची पातळी १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलापाशी मोजली जाते. तेथे ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. २००५ व २०२१ सालीही शहराने व नदीकाठच्या गावांनी महापूर पाहिला. पूर ओसरल्यानंतर भिंतीवर राहिलेली गढूळ रेघ हे घरातील सर्वांत ठळक चिन्ह असते.

या अनुभवातून घराच्या मांडणीविषयी काही ठोस धडे मिळतात. भुसा दाबून केलेल्या पाट्यांचे फर्निचर पाण्यात फुगते व निकामी होते. सागवान किंवा बाभळीचे जुने लाकूड धुऊन, सावलीत वाळवून बहुधा परत वापरता येते. भिंत आतपर्यंत वाळण्यापूर्वी तिच्यावर ऑइलपेंट किंवा प्लास्टिक पेंट लावल्यास ओल आत कोंडते आणि रंगाला फुगे येतात. चुन्याची सफेदी भिंतीला श्वास घेऊ देते. विजेची बटणे पूररेषेच्या वर घ्यावीत. जुन्या घरातील माळा अडगळीची जागा म्हणून काढून टाकला जातो, परंतु पुराच्या वेळी कागदपत्रे, वाकळा, धान्य व फोटो यांना तोच आश्रय देतो. पुरात गमावलेल्या वस्तूंची भरपाई पंचनाम्यात पैशाने मोजली जाते. लग्नातील फोटो, आईने दिलेले पितळी पातेले, वर्षानुवर्षे वाढवलेली तुळस यांना पंचनाम्यात रकाना नसतो. म्हणूनच आठवणीच्या वस्तू उंचावर व एकत्र ठेवणे हा पूररेषेतील गृहव्यवस्थापनाचा पहिला नियम असावा.

सदनिका आणि भाड्याचे घर

सदनिकेत आणि भाड्याच्या घरात हाच प्रश्न लहान प्रमाणावर उभा राहतो. बदलीची नोकरी करणाऱ्या शिक्षक-प्राध्यापकांना तो परिचित आहे. भिंतीला खिळा ठोकू नये, रंग बदलू नये, या अटी भाडेकरारात असतात. अशा वेळी भिंतीऐवजी हलवता येण्याजोग्या गोष्टींवर भर द्यावा लागतो : पडदे, अंथरुणे, पुस्तकांची मांडणी, उभा दिवा, कुंड्या, उंबऱ्याबाहेरची रांगोळी. वास्तूचा प्रत्येक भाग सदनिकेत लहान रूपाने शिल्लक असतो. सज्जा हा ओटा व परसदार या दोहोंचे काम करतो. प्रवेशद्वाराजवळची चप्पल काढण्याची जागा पडवीचे. स्वयंपाकघरातील एक फळी देवघराचे. सज्जा काचेने बंद करून खोलीत घेतल्यास चार हात जागा वाढते, परंतु बाहेर आणि आत यांमधली एकमेव पायरी जाते. हा व्यवहार फायद्याचा आहे काय, याचा विचार प्रत्येकाने करावा.

या संदर्भात वास्तुरचनाकारांचे काही प्रयोग मार्गदर्शक आहेत. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईतील बेलापूर येथे सामायिक अंगणांभोवती स्वतंत्र भिंतींची छोटी घरे योजली. प्रत्येक कुटुंबाला आपले घर शेजाऱ्याला न दुखावता वाढवता यावे, हा हेतू होता. चिलीमध्ये अलेहांद्रो अरावेना यांनी २००४ साली इकिके शहरात सुमारे शंभर गरीब कुटुंबांसाठी अर्धेच घर बांधले. मजबूत पाया, स्वयंपाकघर, स्नानगृह व जिना शासनाच्या पैशातून झाले आणि उरलेला अर्धा भाग कुटुंबांनी आपल्या सोयीने भरला. या प्रयोगांमागील सूत्र आपल्या मातीच्या घराला जुनेच आहे : बांधणाऱ्याने थांबावयाचे कोठे, हे त्याला कळले पाहिजे.

निष्कर्ष

१) घराचे आपलेपण श्रम, आठवण व जोपासना या तीन गोष्टींतून निर्माण होते. खर्चाशी त्याचा थेट संबंध नाही.

२) आपलेपण साहित्यावर अवलंबून नसते. माती जाऊन सिमेंट आले, चौक जाऊन सज्जा आला, तरी राहणाऱ्याला मांडण्याची मोकळीक असेल तर घरपण टिकते.

३) परंपरेतील घरात आपलेपण विषमतेने वाटलेले होते. म्हणून परंपरेचे अनुकरण करताना स्त्रियांची मालकी व सर्वांचा मुक्त वावर या गोष्टी नव्याने मिळवाव्या लागतील.

४) पुनर्वसन वसाहती व घरकुल योजनांत ओटा, पडवी, झाडासाठी दोन हात माती व पुढे खोली वाढवण्याची सोय ही चैन समजू नये. ती मूळ आराखड्यातच धरावी.

५) पूररेषेतील घरांसाठी माळा, उंच कोनाडे, धुता येणारे लाकूड व चुन्याची सफेदी यांचा पुरस्कार व्हावा.

समारोप

महाविद्यालयीन पातळीवर या विषयाला पुष्कळ वाव आहे. गृहशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, इतिहास व मराठी या विभागांनी एकत्र येऊन विद्यार्थ्यांकडून त्यांच्या आजी-आजोबांच्या घराचा नकाशा, त्यातील खोल्यांची नावे, वस्तू व झाडे यांची नोंद करून घेतल्यास एक मौलिक संग्रह तयार होऊ शकेल. दिवळी, सोपा, माळवद, वाकळ हे शब्द बोलणारी पिढी अद्याप आपल्यात आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत पूरग्रस्त वा पुनर्वसित गावात काम करताना भिंती रंगवण्याबरोबर त्या घरातील बाईला 'ओटा कोठे हवा, झाड कोणते लावू?' एवढे विचारले गेले, तरी त्या कामाची दिशा बदलेल. घरे बांधून देणे शासनाला व समाजाला शक्य आहे आणि ते त्यांचे कर्तव्यही आहे. त्या घरांत संसार मांडता यावा एवढी मोकळी जागा व तेवढा अधिकार शिल्लक ठेवणे, हा त्याच कर्तव्याचा दुसरा भाग होय.